जर्मन बी १ परीक्षा: तोंडी आणि लेखी भागांची तयारी वेगवेगळी करावी की एकत्र?

वहीपेन

नमस्कार. मी सहा आठवड्यांनी ग्योथे-इन्स्टिट्यूटची जर्मनची बी १, म्हणजे मधल्या पातळीची, परीक्षा देणार आहे. वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण असे तिचे चार भाग असून प्रत्येक भागात १०० पैकी किमान ६० गुण मिळवावे लागतात. सराव-प्रश्नपत्रिकांमध्ये वाचन आणि लेखनात मला सत्तरच्या वर गुण मिळतात. व्याकरणाच्या वह्या तर मी मनापासून लिहिल्या आहेत. अडचण आहे ती बोलण्याची.

गेल्या आठवड्यात वर्गात तोंडी परीक्षेचा सराव झाला. लहान मुलांना मोबाइल द्यावा का, या विषयावर मला बोलायचे होते. पहिली दोन मिनिटे बरी गेली. मग मी 'वाइल' म्हणाले, म्हणजे 'कारण', आणि आता क्रियापद वाक्याच्या शेवटी न्यायचे आहे हे आठवत असतानाच वाक्य कशाबद्दल सुरू केले होते तेच निसटून गेले. मी तशीच उभी राहिले. हेच वाक्य मी कागदावर डोळे झाकून लिहिले असते.

काही जण सुचवतात की वीस नेहमीच्या विषयांवरची भाषणे आणि दहा नमुनापत्रे पाठ करावीत. काही जण म्हणतात की उरलेल्या दिवसांत लेखी अभ्यास पूर्ण बाजूला ठेवून फक्त बोलावे. ज्यांनी ही परीक्षा दिली आहे त्यांनी काय केले, आणि पुन्हा द्यावी लागली तर ते काय वेगळे करतील, हे जाणून घ्यायला मला आवडेल.

धूमकेतू

मी पाठांतर केले होते आणि त्याची मला लाज वाटत नाही. बारा विषय निवडले, प्रत्येकावर अडीच-तीन मिनिटांचे भाषण लिहिले, शिक्षकांकडून तपासून घेतले आणि ते झोपेतही म्हणता येईल इतके घोटले. प्रत्यक्ष परीक्षेत दोन विषयांपैकी एक निवडता येतो, आणि माझ्या नशिबाने त्यांतला एक माझ्या बारांपैकी होता. संभाषणात मला ७३ गुण मिळाले. ज्याची जीभ अडखळते त्याला निदान सुरुवातीला पाय रोवायला जागा हवी असते, आणि ती पाठांतराने मिळते.

निळीशाई

वहीपेन, मी काही वर्षे जर्मन शिकवते आहे आणि धूमकेतू यांच्याशी मी सहमत नाही. आधी गुण कशाला मिळतात ते पाहू, म्हणजे मतभेद नेमका कुठे आहे ते कळेल.

लेखनाच्या प्रत्येक उत्तरात चार गोष्टी तपासल्या जातात: विचारलेल्या मुद्द्यांना उत्तर दिले आहे का, मजकूर सलग आहे का, शब्दसंपत्ती पुरेशी आहे का आणि वाक्यरचना बरोबर आहे का. यांतल्या पहिल्या निकषावर शून्य मिळाले तर त्या संपूर्ण प्रश्नाला शून्य मिळते, मग भाषा कितीही सुंदर असो. पाठ केलेली पत्रे इथेच घात करतात. माझ्या एका विद्यार्थ्याने वाढदिवसाच्या आमंत्रणाचे पत्र उत्तम पाठ केले होते. सराव-परीक्षेत विचारले होते की वाढदिवस झाला, मित्र येऊ शकला नाही, तर समारंभ कसा झाला ते त्याला कळवा. वाढदिवस हा शब्द दिसताच मुलाने पाठ केलेले पत्र उतरवले आणि होऊन गेलेल्या समारंभाचे आमंत्रण दिले. त्यात व्याकरणाची एकही चूक नव्हती. तो पेपर तपासताना मला फार वाईट वाटले, कारण त्या मुलाला भूतकाळ चांगला येत होता.

तोंडी परीक्षेत पाठांतर आणखी लवकर उघडे पडते. सादरीकरण हा तीन भागांपैकी मधला भाग. त्याआधी जोडीदाराबरोबर मिळून एखाद्या गोष्टीचे नियोजन करायचे असते आणि त्यानंतर एकमेकांच्या सादरीकरणावर प्रतिक्रिया द्यायची, प्रश्न विचारायचे आणि प्रश्नांना उत्तरे द्यायची. या दोन्ही भागांचे पाठांतर करताच येत नाही. शिवाय घोकलेला मजकूर म्हणणाऱ्याचा सूर आणि वेग अचानक बदलतो. परीक्षकाने पहिला साधा प्रश्न विचारला की तोच उमेदवार तीन शब्दांवर येतो.

तिसराबाक

एक शंका आहे. तयारीच्या वेळेत काढलेली टिपणे आत नेता येतात का?

निळीशाई

हो, नेता येतात. तोंडी परीक्षेआधी तयारीला पंधरा मिनिटे मिळतात आणि त्या वेळेत लिहिलेली टिपणे समोर ठेवता येतात, मात्र ती वाचून दाखवायची नसतात. शब्दकोश आणि मोबाइल चालत नाहीत. म्हणून टिपणांत पूर्ण वाक्ये लिहूच नयेत. पूर्ण वाक्य समोर असले की नजर त्यावरच खिळते.

अभ्यासिका

वहीपेन यांचा 'वाइल'चा अनुभव वाचून मला माझे दिवस आठवले, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

आपण जर्मन शिकताना बहुतेक वेळा इंग्रजीच्या वाटेने जातो. पुस्तकातील स्पष्टीकरणे इंग्रजीतली असतात आणि डोक्यातले भाषांतरही इंग्रजीतून होते. इंग्रजीच्या बाजूने पाहिले की क्रियापद शेवटी नेणे म्हणजे कसरत वाटते. पण आपण मराठीत दिवसभर दुसरे काय करतो? 'वाइल इश हॉयटं काइनं त्साइट हाबं' हे वाक्य शब्दाला शब्द ठेवून पाहा: कारण मला आज वेळ नाही. क्रियापद आपोआप शेवटी जाऊन बसले. हे लक्षात आल्यावर मी 'वाइल', 'दास' (की) आणि 'वेन' (जर) यांनी सुरू होणारी उपवाक्ये मराठीच्या चालीवर म्हणू लागले आणि माझी अर्धी भीती गेली. मुख्य वाक्यात मात्र क्रियापद दुसऱ्या जागी येते आणि तिथे मराठीची चाल उपयोगी पडत नाही. तिथली सवय वेगळी लावावी लागते.

आता मूळ प्रश्नाकडे येते. तोंडी आणि लेखी तयारी मी वेगळी केली नाही. रोज संध्याकाळी एक विषय घ्यायचा आणि त्यावर काहीही न लिहिता दोन मिनिटे मोठ्याने बोलून ते मोबाइलवर ध्वनिमुद्रित करायचे. मग ते ऐकून, चुकांसकट, जसेच्या तसे कागदावर उतरवायचे. आपल्या तोंडून निघालेली वाक्ये कागदावर पाहणे हा वेगळाच अनुभव असतो. माझ्या पहिल्या पानावर अकरा वाक्यांपैकी सात 'इश फिंडं', म्हणजे 'मला वाटते', या शब्दांनी सुरू झाली होती. चुका दुरुस्त करून तोच मजकूर ऐंशी शब्दांत लिहायचा, कारण बी १ च्या लेखनातले पहिले दोन्ही मजकूर तेवढ्याच लांबीचे असतात. शेवटी कागद उलटा ठेवून पुन्हा एकदा बोलायचे. एका विषयाला पाऊण तास लागतो. तीन आठवड्यांनंतर लिहितानाही मला वाक्य आधी कानात ऐकू येऊ लागले.

मितभाषी

मी मराठीतही कमी बोलतो, त्यामुळे माझी भीती भाषेपेक्षा माणसांची होती. तसाच स्वभाव असलेल्यांसाठी लिहितो.

पहिल्या भागात आपण दोघे मिळून काहीतरी ठरवत असतो, उदाहरणार्थ रुग्णालयात असलेल्या मैत्रिणीला भेटायला कधी जायचे, कसे जायचे आणि काय न्यायचे. हे भाषण नसते, बोलणे असते, आणि बोलण्यात ऐकणे आलेच. मी ठरवले होते की जोडीदाराच्या प्रत्येक सूचनेवर आधी काहीतरी प्रतिसाद द्यायचा आणि मगच आपली सूचना मांडायची. त्यासाठी मी फक्त पाच-सहा वाक्ये तोंडात बसवली: 'दास इस्ट आइनं गूटं इडे' (ही चांगली कल्पना आहे), 'दा बिन इश अंडरर मायनुंग' (माझे मत वेगळे आहे), 'वी वेअरं एस, वेन...' (जर... तर कसे होईल?) आणि 'वास माइन्स्ट डू?' (तुला काय वाटते?) अशी. जोडीदाराशी 'डू' आणि परीक्षकांशी 'झी' हे पक्के ठेवावे. आपल्याला तू, तुम्ही आणि आपण यांतले फरक सांभाळायची सवय असतेच.

काही कळले नाही तर 'क्योन्टन झी दास बिटं वीडरहोलन?' असे विचारावे. पुन्हा सांगण्याची विनंती नीट करता येणे हासुद्धा भाषा येत असल्याचाच भाग आहे. न कळता मान डोलावणे मात्र लगेच लक्षात येते.

धूमकेतू

निळीशाई, तुमचा मुद्दा अंशतः मान्य आहे. माझे ७३ गुण कुठून आले ते मी पुन्हा आठवून पाहिले. सादरीकरण सुरळीत झाले, पण त्यानंतर जोडीदाराने विचारले, 'तू स्वतः हे कधी करून पाहिलेस का?' आणि मला 'नाइन' (नाही) आणि 'या' (हो) यांच्या मधले काहीतरी बोलता आले. तरीही अगदी काहीच पाठ करू नका हा सल्ला मला पटत नाही. मितभाषी यांनी दिलेली वाक्येही पाठ केलेलीच आहेत.

निळीशाई

हे बरोबर आहे, आणि मी माझे म्हणणे नीट मांडायला हवे होते. सांगाडा पाठ करावा, मजकूर पाठ करू नये. सादरीकरणाच्या पाच पायऱ्या ठरलेल्या आहेत: विषयाची ओळख आणि मांडणी, स्वतःचा अनुभव, आपल्या देशातली परिस्थिती, फायदे-तोटे आणि आपले मत, आणि शेवटी समारोप व आभार. एका पायरीवरून दुसरीवर नेणारे वाक्य विषय कोणताही असला तरी बदलत नाही. ती पाच वाक्ये अगदी चोख पाठ असावीत, म्हणजे ती उच्चारत असताना पुढच्या आशयाचा विचार करायला डोके मोकळे राहते.

पाऊलखुणा

सगळे बोलण्या-लिहिण्याबद्दल सांगत आहेत, म्हणून मी ऐकण्याबद्दल लिहिते. ऐकू आले नाही तर बोलणेही अडते.

अभ्यासिका यांनी क्रियापदाबद्दल जे लिहिले तेच आकड्यांबाबत खरे आहे. जर्मन माणूस ६५ म्हणताना आधी पाच आणि मग साठ म्हणतो: 'फ्युन्फ-उंट-झेश्त्सिश'. इंग्रजीतून ऐकणाऱ्याचा गोंधळ होतो आणि तो ५६ लिहून मोकळा होतो. पण आपला पासष्ट हा शब्दही आधी पाच आणि मग साठ असाच घडलेला आहे. दूरध्वनी क्रमांक आणि वेळा ऐकताना इंग्रजी आकडे मनातून काढून टाकले तर चुका पुष्कळ कमी होतात.

वेळेच्या बाबतीत मात्र सावध राहावे. 'हाल्प फीअर' म्हणजे साडेचार नव्हे, साडेतीन. चौथा तास अर्धा झाला आहे, असा त्याचा अर्थ. हे परके वाटत असेल तर आपला अडीच हा शब्द आठवा. तो संस्कृतमधल्या अर्धतृतीय या शब्दापासून आला आहे, म्हणजे तिसरा अर्धा. 'हाल्प द्राय' म्हणजे नेमके अडीच. मला हे कळले तेव्हा इतका आनंद झाला की त्यानंतर ती वेळ कधीच चुकली नाही.

तिसराबाक

माझ्या एका मित्राने 'हाल्प फीअर' म्हणजे साडेचार समजून जर्मन सहकाऱ्याला तासभर ताटकळत ठेवले होते. त्याने हा धागा आधी वाचायला हवा होता.

मग लिंगांचे काय? मराठीतही तो, ती, ते आहेत. त्यांचा 'देअर, डी, दास' लक्षात ठेवायला उपयोग होतो का?

अभ्यासिका

तीन लिंगे असतात ही कल्पना आपल्याला नवी नसते, एवढाच उपयोग. एकेका शब्दाचे लिंग मराठीवरून ठरवू नये. चंद्र दोन्हीकडे पुल्लिंगी आहे, पण सूर्य जर्मनमध्ये स्त्रीलिंगी आहे: 'डी झोनं'. मुलीला 'दास मेट्शन' असे नपुंसकलिंग का, असा प्रश्न वर्गात सर्वांना पडतो. त्याचे कारण तो 'शन' हा लघुत्वदर्शक प्रत्यय आहे. आपल्याकडे कोकरू, वासरू आणि लेकरू नपुंसकलिंगी असतात हे आठवले की त्याचे नवल वाटत नाही.

निळीशाई

इथे थोडी सावधगिरी सुचवते. मराठीचा आधार नियम समजून घेण्यासाठी उत्तम आहे, परंतु परीक्षेच्या खोलीत प्रत्येक वाक्य मराठीतून वळवून आणायला वेळ नसतो. लिंगाच्या बाबतीत शेवटच्या प्रत्ययाकडे पाहण्याची सवय अधिक उपयोगी पडते. 'उंग', 'हाइट', 'काइट' आणि 'शाफ्ट' यांनी संपणारी नामे स्त्रीलिंगी असतात, आणि मतप्रदर्शनाच्या प्रश्नांत अशीच नामे सतत लागतात. बाकीचे शब्द 'देअर, डी, दास' यांच्यासकटच तोंडात बसवावेत.

सायंतारा

माझा अनुभव वरच्या पातळीचा आहे, तरी उपयोगी पडेल असे वाटते. जर्मनीतील विद्यापीठात प्रवेश घेण्यासाठी मी टेस्टडाफ दिली. तिच्यात ३, ४ आणि ५ अशा श्रेणी असतात आणि चारही भागांत चौथी श्रेणी मिळाली की सर्वसाधारणपणे प्रवेशासाठी भाषेची अट पूर्ण होते. तिथे संभाषणासाठी समोर माणूस नसतो. संगणकाशी बोलावे लागते आणि विचार करायला व उत्तर द्यायला मोजका वेळ असतो. पहिल्या सरावात माझे वाक्य पूर्ण होण्याआधीच वेळ संपत असे, कारण मी प्रस्तावनाच फार लांबवत होते. माझ्या एका मैत्रिणीने विद्यापीठात घेतली जाणारी डीएसएच ही परीक्षा दिली. तिथे तोंडी परीक्षा समोरासमोर असते आणि आपला मुद्दा पटवून द्यावा लागतो. त्यामुळे जी परीक्षा द्यायची तिच्याच पद्धतीने सराव करावा, असे मी आग्रहाने सांगेन. वहीपेन यांच्या परीक्षेत जोडीदार असतो, म्हणून त्यांनी एकट्याने आरशासमोर बोलण्यापेक्षा आठवड्यातून दोनदा तरी कोणाबरोबर तरी बसावे.

उच्चारांबद्दलही सांगते. बी १ च्या संभाषणात उच्चारांना १०० पैकी १६ गुण असतात. 'शोन' म्हणजे आधीच आणि 'श्योन' म्हणजे सुंदर. देवनागरीत 'श्यो' लिहिले तरी तो आवाज 'श्यो' नाही. तोंडात 'ए' म्हणा आणि जीभ न हलवता फक्त ओठ 'ओ'सारखे गोल करा. तसेच 'ई' म्हणत ओठ 'ऊ'सारखे केले की दुसरा स्वर मिळतो, ज्यामुळे एक आई आणि अनेक आया यांतला फरक ऐकणाऱ्याला कळतो. शब्दाच्या शेवटी 'ग', 'द' आणि 'ब' हे 'क', 'त' आणि 'प' होतात. दिवसाला 'टाग' नव्हे, 'टाक' म्हणावे.

वहीपेन

सर्वांचे मनापासून आभार. अभ्यासिका यांची पद्धत मी चार दिवस करून पाहिली. माझ्या पहिल्या पानावर 'उंट', म्हणजे 'आणि', चौदा वेळा आला होता आणि 'वाइल' एकदाही नव्हता. म्हणजे अडखळण्याच्या भीतीने मी तो शब्दच टाळत होते, हे मला लिहून काढल्यावर कळले. वर्गातली एक मैत्रीण मंगळवारी आणि शनिवारी माझ्याबरोबर बसायला तयार झाली आहे.

निळीशाई, लेखनाच्या साठ मिनिटांचे वाटप कसे करावे?

निळीशाई

प्रश्नपत्रिकेत सुचवलेले वाटप चांगले आहे: मित्राला लिहायच्या पत्राला २० मिनिटे, मतप्रदर्शनाला २५ आणि ४० शब्दांच्या औपचारिक संदेशाला १५. पहिल्या दोन्ही प्रश्नांना प्रत्येकी ४० गुण आहेत आणि तिसऱ्याला २०. पुष्कळ जण पहिले पत्र रंगवत बसतात आणि औपचारिक संदेशाला पाच मिनिटेच उरतात.

प्रत्येक मजकूर संपला की तो तीनदा वाचावा, आणि प्रत्येक वेळी एकच गोष्ट शोधावी. पहिल्या वाचनात विचारलेले सगळे मुद्दे आले का, दुसऱ्यात प्रत्येक वाक्यातले क्रियापद जागेवर आहे का, आणि तिसऱ्यात नामांची पहिली अक्षरे मोठी लिहिली आहेत का. सगळ्या चुका एकाच वाचनात शोधायला गेले की एकही नीट सापडत नाही. औपचारिक संदेशात मायन्यानंतर स्वल्पविराम द्यावा आणि पुढचे वाक्य लहान अक्षराने सुरू करावे, अर्थात पहिला शब्द नाम किंवा आदरार्थी 'झी' नसेल तर. शेवटच्या 'मिट फ्रॉयंटलिशन ग्र्यूसन' नंतर स्वल्पविराम देत नाहीत.

वहीपेन

निकाल लागला, म्हणून परत आले आहे. वाचन ८३, लेखन ७६, संभाषण ८१ आणि श्रवण ५७.

संभाषणाबद्दल आधी सांगते. नियोजनाच्या भागात माझी जोडीदार मध्येच गप्प झाली. तिचे डोळे टिपणांच्या कागदावर खिळले होते आणि मला वर्गातली मी दिसत होते. मितभाषी यांचे 'वास माइन्स्ट डू?' मी म्हणाले, पण ती काही बोलेना. तेव्हा मी प्रश्न सोपा केला: शनिवारी जाऊ या की रविवारी? ती 'झोनटाक' म्हणाली आणि तिथून तिचे बोलणे पुन्हा सुरू झाले. सादरीकरणात मी तीनदा 'वाइल' वापरला. एकदा क्रियापद चुकीच्या जागी गेले, ते मी तिथल्या तिथे दुरुस्त केले आणि पुढे गेले.

श्रवणात मात्र तीसपैकी सतराच उत्तरे बरोबर आली. आणखी एक बरोबर असते तर साठ गुण झाले असते. दुसरा आणि तिसरा भाग एकदाच ऐकवतात. दुसऱ्या भागातला एक प्रश्न सुटला आणि मी त्याचाच विचार करत राहिले, तेवढ्यात पुढची दोन उत्तरेही निघून गेली. चार भाग स्वतंत्र असल्यामुळे फक्त श्रवण पुन्हा द्यायचे आहे, हाच काय तो दिलासा.

पाऊलखुणा

वहीपेन, संभाषणाच्या ८१ गुणांबद्दल खरोखर अभिनंदन. जोडीदाराला बोलते करणे सोपे नसते.

श्रवणासाठी एक सराव सुचवते. ध्वनिफीत सुरू असताना सुटलेल्या प्रश्नासमोर लगेच एक टिंब द्यायचे, अंदाजाने कुठलेही उत्तर निवडायचे आणि पेन्सिल पुढच्या प्रश्नावर ठेवायची. पेन्सिल पुढे गेली की मनही पुढे जाते. चुकीच्या उत्तराचे गुण कापत नाहीत, त्यामुळे जागा कोरी सोडण्याचे काही कारण नाही. नेहमीची ध्वनिफीत पहिल्या वेळी न थांबवता ऐकायची, आणि घरी पुन्हा ऐकण्याचा मोह टाळायचा. उत्तरे तपासल्यानंतर मजकूर समोर ठेवून तीच ध्वनिफीत ऐका आणि बोलणाऱ्याच्या पाठोपाठ मोठ्याने म्हणा.

वहीपेन

टिंबाची युक्ती आज संध्याकाळच्या सरावात वापरून पाहिली. तिसऱ्या भागात दोन प्रश्न सुटले, पण त्यांच्या पुढचा एकही सुटला नाही. मंगळवारी मैत्रिणीला सांगते, की आता बोलण्याऐवजी ती वाचेल आणि मी ऐकेन.